जुन्या आवृत्तीचा हात कधी सोडायचा?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर विंडोज ७ आणि त्यावर पायथन ३.८ आहे. नमपाय अपडेट करायला गेले तर ते १.२४.४ च्या पुढे जातच नाही. घरी भावाच्या लॅपटॉपवर तीच कमांड दिली की २ च्या पुढची आवृत्ती उतरते. आमच्या संगणकांना नवं द्यायचं नाही, हे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर? जुनंही चालू ठेवलं तर त्यांचं काय बिघडतं?

उत्तर : ठरवणारं कुणी एक नाही. तुमच्या प्रयोगशाळेपर्यंत नवं नमपाय पोचलं नाही, त्यामागे तीन ठिकाणी झालेले तीन निर्णय आहेत आणि ते एकमेकांत असे अडकलेले आहेत की एक झाला की पुढचा ओघानेच येतो.

पहिला निर्णय मायक्रोसॉफ्टचा. विंडोज ७ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं त्यांनी १४ जानेवारी २०२० रोजी थांबवलं. पैसे भरणाऱ्या कंपन्यांना त्या आणखी काही काळ मिळत राहिल्या, घरच्या वापरकर्त्यांना नाही. दुसरा निर्णय पायथनचा. त्यांचा नियम लिहून ठेवलेला आहे : पायथनची नवी आवृत्ती बाहेर पडताना मायक्रोसॉफ्ट स्वतः ज्या विंडोजला सांभाळत असेल, त्याच विंडोजवर ती चालवायची जबाबदारी आपली. पायथन ३.९ आलं ऑक्टोबर २०२० मध्ये. तोवर विंडोज ७ ची मुदत संपून गेली होती, म्हणून ३.९ त्यावर बसतच नाही. ३.८ हे विंडोज ७ वरचं शेवटचं पायथन. तिसरा निर्णय नमपायचा. जून २०२३ मध्ये आलेल्या नमपाय १.२५ ने किमान पायथन ३.९ ची अट घातली. १.२४ च्या शाखेतली शेवटची दुरुस्ती म्हणजे १.२४.४, आणि तीच तुमच्या संगणकावर आहे. पांडास ही दुसरी लायब्ररी वापरत असाल तर तीही २.०.३ वर थांबलेली दिसेल. कारण तेच.

इतर वाचकांसाठी थोडं सांगतो. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आणि नमपाय ही तिच्यातली गणिताची लायब्ररी. सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा म्हणून लिहिलेला तयार कोड. हा मजकूर कुठल्या पडद्यावर वाचत असाल आणि त्यातला ‘क्ष’ नीट जोडून दिसत असेल, तर त्यामागे बहुधा हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, सगळे तीच वापरतात. अशी सामाईक लायब्ररी एखाद्या जुन्या प्लॅटफॉर्मचा हात सोडते, तेव्हा तिच्यावर उभे असलेले हजारो प्रोग्रॅम एकदमच तो हात सोडतात. म्हणून हा निर्णय एखाद्या अ‍ॅपच्या निर्णयापेक्षा जड असतो.

आता ‘पिप इन्स्टॉल’ लिहून एंटर दाबल्यावर काय घडतं ते जवळून बघा. पायथनच्या लायब्रऱ्या पायपीआय नावाच्या भांडारात ठेवलेल्या असतात. पिप, म्हणजे त्या उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, तिथून नमपायच्या सगळ्या फायलींची यादी मागवतं. प्रत्येक फायलीबरोबर एक छोटी नोंद असते, ‘रिक्वायर्स-पायथन’ : किमान कोणतं पायथन हवं. १.२५ च्या फायलींवर तिथे ३.९ असतं. पिप तुमचं पायथन बघतं, ३.८, आणि अट न जुळणाऱ्या फायली बाजूला सारत एकेक आवृत्ती खाली येतं. १.२४.४ वर अट जुळते, ती उतरवून घेतं आणि मोकळं होतं. पडद्यावर एकही लाल ओळ येत नाही, आणि जे काल चालत होतं ते आजही चालतं.

ही सोय पूर्वी नव्हती. ती पिप ९ मध्ये, नोव्हेंबर २०१६ मध्ये आली. त्याआधी पिप सर्वांत नवी फाइल उतरवायचं आणि ती जुन्या पायथनवर चालवायला गेलं की तुटायची. एप्रिल २०१७ मध्ये आयपायथन ६ ने पायथन २ सोडलं, तेव्हा ही नोंद वापरणाऱ्या पहिल्या मोठ्या प्रकल्पांपैकी तो एक होता. पायथन २ वरची माणसं गुपचूप आयपायथन ५ च्या शाखेवर राहिली आणि त्या शाखेला दुरुस्त्या मिळत राहिल्या. जुन्या वापरकर्त्याला नवं मिळालं नाही, पण त्याचं काही मोडलंही नाही. हात सोडण्याची सभ्य पद्धत मी यालाच म्हणेन. तुमच्या बाबतीत नमपायनेही तेच केलंय.

‘त्यांचं काय बिघडतं’ हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. बिघडतं ते कष्टात आणि पुढे जाण्यात.

नमपायचा आतला भाग सी भाषेत आहे. तो प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा कंपाइल करून द्यावा लागतो, नाहीतर तुमच्या संगणकावर सी कंपायलर नसताना इन्स्टॉल अडकून बसेल. पायथनच्या पाच आवृत्त्या सांभाळायच्या म्हटल्या, तर विंडोज, मॅक आणि लिनक्स मिळून पंधरा जोड्या झाल्या. मॅकवर इंटेलची चिप वेगळी आणि अ‍ॅपलची वेगळी, लिनक्सवर आर्म वेगळं. प्रत्येक जोडीसाठी फाइल बनवायची आणि प्रत्येक बदलानंतर प्रत्येक जोडीवर चाचण्या चालवायच्या. कुठलाही दोष फक्त सर्वांत जुन्या जोडीवर उगवला तरी नवी आवृत्ती तिथे अडते, आणि तो शोधायला बसणारा माणूस बऱ्याचदा नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारा स्वयंसेवक असतो.

शिवाय जुन्याला धरून ठेवलं की नव्या सोयी वापरता येत नाहीत. भाषेत २०२० मध्ये आलेली सोय लायब्ररीने वापरायची, तर २०१९ चं पायथन सोडावंच लागतं. नाहीतर तीच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहायची, ‘जुनं असेल तर असं, नवं असेल तर तसं’. पायथन २ च्या काळात जगभरच्या लायब्ररीकारांनी दहा-अकरा वर्षं हेच केलं. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. पायथन २.७ ची मुदत आधी २०१५ ठरली होती, २०१४ मध्ये ती वाढवून २०२० केली. एवढा काळ दोन्हींवर चालणारा कोड लिहायचा म्हणून ‘सिक्स’ नावाची एक वेगळी लायब्ररीच जन्माला आली.

मराठीत काम करणाऱ्यांना त्या ओढाताणीची झळ जास्त बसली. पायथन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत ‘मराठी’ हा शब्द लिहून त्याची लांबी विचारली, तर उत्तर यायचं १५. कारण पायथन अक्षरं मोजतच नव्हतं, यूटीएफ-८ मधले बाइट मोजत होतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पायथन ३ मध्ये तोच प्रश्न विचारला की उत्तर येतं ५ : म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पायथन २ मध्ये बरोबर उत्तर हवं असेल तर प्रत्येक मराठी अवतरणापुढे ‘यू’ हे अक्षर लावायला लागायचं. पायथन ३ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना मात्र तो ‘यू’ चालायचाच नाही. तो पुन्हा चालू केला गेला ३.३ मध्ये, २०१२ साली. मधल्या काळात दोन्हीकडे चालेल असा मराठी मजकूर हाताळणं हे डोकेदुखीचं काम होतं. इंग्रजीतच काम करणाऱ्याला यातलं फारसं काही जाणवायचं नाही. म्हणून ‘जुनं चालू ठेवण्यात काय जातं’ याचं उत्तर माणसागणिक वेगळं असतं. पायथन २ सोडलं गेलं, त्यात इंग्रजीबाहेरच्या भाषांचा सरळ फायदा झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तारीख कशी ठरवायची? नमपायने पायथन २ सोडताना जे केलं ते मला अजूनही आदर्श वाटतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं : २०१८ संपेपर्यंत सगळ्या आवृत्त्या दोन्ही पायथनवर चालतील. १ जानेवारी २०१९ पासून नवी वैशिष्ट्यं फक्त पायथन ३ साठी. आणि पायथन २ वर चालणाऱ्या शेवटच्या शाखेला २०१९ संपेपर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील. ती शाखा ठरली १.१६. जुलै २०१९ मध्ये १.१७ फक्त पायथन ३ साठी आलं. जे सांगितलं ते घडलं, आणि वर्ष-दीड वर्ष आधी सांगितलं होतं.

त्याच वर्षी नमपायने यापुढे प्रत्येक वेळी वाद नको म्हणून कॅलेंडरवर चालणारा नियम केला. पायथनची आवृत्ती बाहेर पडून ४२ महिने झाले की ती सोडायला मोकळीक. पुढे वैज्ञानिक लायब्रऱ्यांनी मिळून तो ३६ महिन्यांवर आणला. सगळ्यांनी एकच वेळापत्रक धरलं की नमपाय एक पायथन मागतंय आणि सायपायसारखी शेजारची लायब्ररी दुसरं, असा घोळ होत नाही.

यात एक खरी अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पायथन स्वतः आपल्या प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या देतं. वैज्ञानिक लायब्रऱ्या तीन वर्षांत हात सोडतात. मधली दोन वर्षं पायथन जिवंत, पण नवं नमपाय नाही. उबुंटू २२.०४ घ्या. त्यात पायथन ३.१० येतं आणि उबुंटूची नेहमीची मुदत २०२७ पर्यंत आहे. पण जून २०२५ मध्ये आलेल्या नमपाय २.३ ला किमान ३.११ लागतं. म्हणजे ज्या संगणकावर सगळं काही रीतसर, अपडेट घेतलेलं आणि सुरक्षित आहे, तिथेही आतल्या पायथनला नवं नमपाय बसत नाही. रेड हॅटचं लिनक्स ८ तर पायथन ३.६ घेऊन २०२९ पर्यंत चालणार आहे. पायथनने ३.६ सोडलं २०२१ मध्येच. तिथे दुरुस्त्या रेड हॅट स्वतः करतं, आणि ग्राहक त्यासाठी पैसे मोजतात.

नमपायसारख्या लायब्ररीसाठी तीन वर्षांचा नियम मला मान्य आहे. गणिताच्या लायब्ररीची जुनी आवृत्ती शांतपणे वापरता येते, १.२४.४ ने मांडलेला मॅट्रिक्सचा गुणाकार आजही बरोबरच येतो. पण जी लायब्ररी थेट इंटरनेटशी बोलते, गुप्तलेखन करते, प्रमाणपत्रं तपासते, तिने तीन वर्षांत हात सोडणं चूक आहे. तिच्या जुन्या आवृत्तीतला दोष म्हणजे उघडं दार. अशा लायब्ररीने निदान पायथनची पाच वर्षं पाळावीत, असं मला ठामपणे वाटतं.

पायथनमधली ‘क्रिप्टोग्राफी’ ही लायब्ररी या बाबतीत बघण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या ३.४ आवृत्तीने सी मधला काही भाग रस्ट भाषेत आणला. हेतू चांगला होता : सी मधल्या स्मृतीच्या चुका हीच सुरक्षेतल्या दोषांची मोठी खाण आहे. पण रस्टचा कंपायलर जिथे चालतच नाही असे जुने प्रोसेसर, अल्फा किंवा एचपीचा पीए-रिस्क, त्यांचं बाहेर पडणं त्या दिवशी ठरून गेलं. ते वापरणारे मूठभर होते. मोठा आरडाओरडा झाला तो दुसरीकडून. अल्पाइन लिनक्सवर त्या काळी पायपीआयवरून तयार फायली उतरत नसत, तिथे सगळं उगमापासून कंपाइल व्हायचं. सकाळी लोक कामावर आले तर रात्रीतून आपोआप होणारी बांधणी रस्ट नाही म्हणून मोडून पडलेली. प्रकल्पाने हा बदल आधी कळवला होता, पण आपल्या मेलिंग लिस्टवर. ज्यांचं मोडलं त्यांतल्या बहुतेकांना आपण ही लायब्ररी वापरतो हेच माहीत नव्हतं, कारण ती दुसऱ्या कुठल्या लायब्ररीच्या पोटातून आली होती. ३.४ मध्ये रस्ट टाळायची एक तात्पुरती पळवाट ठेवली होती. सप्टेंबर २०२१ च्या आवृत्तीत ती बंद झाली.

निर्णय बरोबर होता, सूचना चुकीच्या ठिकाणी लागली. माणूस जिथे काम करतो तिथे, म्हणजे इन्स्टॉल करताना पडद्यावरच, ती दिसायला हवी. पायथन २ च्या शेवटच्या वर्षात पिपने हेच केलं होतं. जानेवारी २०१९ पासून पायथन २ वर पिप चालवलं की प्रत्येक वेळी मुदत संपत आल्याची ओळ यायची. कंटाळा येईपर्यंत यायची. स्वतः पिपने पायथन २ सोडलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये.

कुणी विचारेल, किती लोक जुनं वापरतात ते मोजून का ठरवत नाहीत? मोजतात. पायपीआयची आकडेवारी सगळ्यांना खुली आहे. पण ती बघताना फार जपून. एसटीने फक्त तिकिटं मोजून मार्ग बंद करायचा ठरवला तर रोज अप-डाउन करणाऱ्या एकाची महिन्याची पन्नास तिकिटं दिसतील, आणि आठवड्याच्या बाजारापुरती येणारी म्हातारी जवळजवळ दिसणारच नाही. इथेही तसंच होतं. एखाद्या कंपनीचा चाचणी-सर्व्हर दिवसातून शेकडो वेळा तीच लायब्ररी नव्याने उतरवतो. तुमच्या प्रयोगशाळेत मात्र सरांनी एकदा पेनड्राइव्हवर आणलेली फाइल सगळ्या संगणकांवर फिरते, आणि आकडेवारीत तुमच्या वर्गाचं नावही येत नाही. आकड्यांनी तारीख पुढे ढकलावी. आधीच जाहीर केलेली तारीख आकडे बघून अलीकडे ओढू नये.

आता तुमच्या कामाचं. विंडोज ७ वर नवं पायथन बसवण्यासाठी कुठून कुठून आणलेल्या फायली वापरू नका. पायथन ३.८ ची मुदतही ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आहे, त्यामुळे तो संगणक इंटरनेटला जोडून ठेवणं तसंही बरं नाही. अभ्यासापुरतं हवं असेल तर ‘रिक्वायरमेंट्स’ फायलीत नमपाय १.२४.४ आणि पांडास २.०.३ असं नेमकं लिहून ठेवा, म्हणजे वर्गात सगळ्यांना एकच उत्तर येईल. पुस्तकातला प्रोग्रॅम नमपाय २ साठी लिहिलेला असेल तर त्या वेळचे बदल एकदा नजरेखालून घाला. बऱ्याचदा एखाद-दुसऱ्या नावाचा फरक असतो. आणि सरांना सांगून निदान एका संगणकावर हलकं लिनक्स बसवून घ्या. विंडोज ७ चालवणारं यंत्र ६४ बिटचं असेल तर त्यावर ते सहसा चालतं, आणि पायथन नव्यातलं मिळतं.

प्रश्न : आईच्या फोनमध्ये अँड्रॉइड ४.४ आहे. फोन ठणठणीत आहे, पण एकेक अ‍ॅप बंद पडत चाललंय. हेही याच कारणाने का?

उत्तर : बऱ्याच अंशी हो. अँड्रॉइडची बहुतेक अ‍ॅप्स गूगलच्या अँड्रॉइड-एक्स या लायब्रऱ्यांवर उभी असतात. ऑक्टोबर २०२३ पर्यंत त्यांतल्या नव्या आवृत्त्या साधारणपणे अँड्रॉइड ४.० पासून चालत. त्या महिन्यापासून किमान अट ४.४ झाली आणि जून २०२४ मध्ये ५.०. अ‍ॅप बनवणाऱ्याने नवी लायब्ररी घेतली की आईचा फोन आपोआप वगळला जातो, त्याने तसं ठरवलेलं नसलं तरी.

नमपायपेक्षा इथे एक गोष्ट वाईट आहे. जुनं नमपाय तुमच्या संगणकावर कायम चालतं. बँकेचं जुनं अ‍ॅप फोनमध्ये शाबूत असूनही पलीकडचा सर्व्हर त्याला दारात उभं करत नाही, म्हणून ते मरतं.

जुन्या फोनवाल्यांचा विचार करून मुदत वाढवल्याचंही एक उदाहरण आहे. संकेतस्थळांना मोफत सुरक्षा-प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन ओळखत नाहीत. ज्या जुन्या प्रमाणपत्राच्या आधारावर ते चालायचं, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होतं. संस्थेने आकडे काढले तर ७.१ च्या आधीचे अँड्रॉइड फोन ३३.८ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्या लोकांच्या फोनवर असंख्य संकेतस्थळं एका दिवसात उघडायची थांबली असती. मग त्यांनी आयडेनट्रस्ट या कंपनीकडून तीन वर्षांची जोड-सही मिळवली. अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली की नाही हे तपासत नाही, या बारकाव्यावर ती तोड उभी होती. २०२४ मध्ये ती संपली, तोवर जुने फोन पुष्कळ कमी झाले होते. आकड्यांनी तारीख पुढे ढकलावी असं वर म्हटलं, ते हे.

तुमच्या आईच्या फोनला मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळून वर्षं झाली. फोन लावायला, रेडिओ-गाणी ऐकायला खुशाल वापरा. बँक आणि यूपीआय त्यावर ठेवू नका, अ‍ॅप चालत असलं तरी.

प्रश्न : मी आकडे मराठी अक्षरांत लिहून देणारी छोटी पायथन लायब्ररी लिहिली आहे. थोडे लोक वापरतात. मी पायथन ३.९ सोडू का? आणि सोडलं तर आवृत्तीचा पहिला आकडा बदलायला हवा का?

उत्तर : सोडून तुम्हाला काय मिळणार, हे आधी स्वतःला विचारा. तुमची लायब्ररी सगळी पायथनमध्ये असेल, सी चा भाग नसेल, तर जुन्याला सांभाळण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्लकडे बघा. १९९८ पासून चाललेला प्रकल्प, आजही सी च्या १९८९ च्या नियमांत लिहिला जातो, शंभराहून जास्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालला आहे. २००६ नंतर त्यांनी जुन्या प्रोग्रॅमना मोडेल असा एकही बदल आपल्या लायब्ररीत केलेला नाही. नवी सोय हवीच असेल तेव्हाच जुनं सोडायचं, नुसतं जुनं झालं म्हणून नाही. पायथन ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, त्यामुळे सोडलंत तर कुणी बोट दाखवणार नाही. पण सोडलंच पाहिजे असं काही नाही. तुमच्यावर दुसऱ्या लायब्रऱ्या उभ्या राहणार असतील तर तुम्ही त्यांच्यानंतर सोडायचं, आधी नाही.

आवृत्तीच्या पहिल्या आकड्यावरून लायब्ररीकारांत दोन पंथ आहेत. माझ्या मते ‘रिक्वायर्स-पायथन’ नीट लिहिलेलं असेल तर मधला आकडा वाढवणं पुरे, कारण कुणाचंही चालतं काम मोडत नाही. नमपायही तसंच करतं. ती नोंद लिहायची राहून आवृत्ती बाहेर पडली, तर मात्र पिप जुन्या पायथनवरही तीच उतरवेल. अशी आवृत्ती पायपीआयवर ‘यँक’ करा, म्हणजे नव्याने शोधणाऱ्याला ती सुचवली जाणार नाही, पण ज्याने नेमकी तीच मागितली आहे त्याला मिळत राहील. आणि वरची मर्यादा, ‘अमुक पायथनच्या पुढे चालणार नाही’ असं, घालू नका. पुढच्या वर्षी नवं पायथन येईल, तुमची लायब्ररी त्यावर सुखाने चालली असती, पण तुमच्याच ओळीने तिला अडवलेलं असेल.

एक विनंती. कोणतं पायथन कधीपर्यंत सांभाळणार, हे आजच तुमच्या रीडमीत महिना आणि वर्ष घालून लिहा. पायथन ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ आहे आणि ३.११ ची ऑक्टोबर २०२७. या दोन तारखा समोर ठेवून तुमची तारीख ठरवा, आणि वापरणाऱ्याला इन्स्टॉल करायच्या आधी दिसेल अशी पहिल्या परिच्छेदात टाका.